गाडीचा काटा उणेकडे का जातो?

आपल्या वस्त्यांमध्ये आज अशी दोन-चार घरे हमखास सापडतात, की ज्यांची चूल गाडीच्या चाकांवर पेटते. कोणाची रिक्षा, कोणाचा टेम्पो, कोणाचा जुना घेतलेला पिकअप. नवी गाडी घेण्याची ऐपत नसते. मग दुसऱ्याने पंधरा वर्षे वापरलेली गाडी घ्यायची, कर्जाचा हप्ता फेडायचा आणि तिच्याच जिवावर मुलांची शिक्षणे करायची. अशी गाडी आठ दिवस उभी राहिली तर घरात काय होते, हे त्या घरातल्या बाईला विचारावे.

आज मी अशाच एका गाडीतल्या अगदी लहान वस्तूविषयी लिहिणार आहे. डॅशबोर्डवर डिझेलच्या आणि पाण्याच्या काट्याशेजारी बॅटरीच्या चार्जिंगचा एक काटा असतो. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मी मेकॅनिक नाही. कार्यालयात कारकुनी करणारा, वाणिज्य शाखेचा माणूस आहे. पुढे जे लिहितो आहे ते एका जाणत्या माणसाच्या शेजारी बॅटरी धरून उभे राहून शिकलेलो आहे.

माझी धाकटी बहीण ओतूरकडे दिली आहे. तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, २०१२ साली १९९७ सालचा एक डिझेल पिकअप घेतला. संध्याकाळी ओतूर-जुन्नर भागातून टोमॅटो, मेथी, कोथिंबीर भरायची, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि पहाटे कल्याणच्या बाजार समितीत माल उतरवायचा, असा त्यांचा धंदा. हा बाजार पहाटेचा असतो. तासाभराचा उशीर झाला की भाव कोसळतो, आणि पालेभाजी तर दुपारपर्यंत फुकट न्यायलाही कोणी येत नाही.

२०१६ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. पावसाळ्यात माळशेज पाहायला लोक हौसेने जातात, पण रात्री माल भरून तो उतरणाऱ्याला धबधबे दिसत नाहीत, धुके दिसते. त्या रात्री दाजी घाटाच्या तोंडाशी आले, तेव्हा हेडलाइट पिवळे पडू लागले होते. अर्ध्या घाटात ते पणतीसारखे झाले. वायपर काचेवरून रांगत होता. डिझेलचे जुने इंजिन विजेवाचून चालत राहते, म्हणून गाडी बंद पडली नाही एवढेच. पुढे एक ट्रक होता, त्याचा तांबडा दिवा धरून दाजी खाली उतरले. टोकावड्याला चहासाठी थांबले आणि सवयीने इंजिन बंद केले. मग सेल्फ मारला तर नुसता ‘टक्’ असा आवाज. भरलेली गाडी चार माणसांनी ढकलली, तेव्हा कुठे ती सुरू झाली. उजेड होईपर्यंत रस्त्यावरच थांबावे लागले. कल्याणला पोचेपर्यंत बाजार उलगडला होता.

सकाळी बहिणीचा फोन आला. ‘‘दादा, कोथिंबीर गेली ते जाऊ दे. काल माणूस जायचा होता.’’

गाडीने आधी काही सांगितले नव्हते का? सांगितले होते. महिनाभर तो काटा रात्री उणेकडे झुकत होता. बहीण कधीकधी माल पोचवायला सोबत जाते, तिने तो दाखवलाही होता. दाजी म्हणाले होते, ‘‘जुन्या गाडीत कुठला मीटर खरं दाखवतो? ते सोड.’’ दाजींना एकट्यालाच दोष देण्यात अर्थ नाही. त्या गाडीचा किलोमीटरचा आकडा कित्येक वर्षे हललेला नव्हता आणि डिझेलचा काटा टाकी रिकामी असली तरी पाव दाखवायचा. अशा सोबत्यांत बसलेल्या काट्यावर कोण विश्वास ठेवणार?

त्यानंतर जे झाले ते बहुतेक घरांत होते. रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनने सांगितले, बॅटरी गेली. ५,२०० रुपयांची नवी बॅटरी घातली. ती तीन आठवडे चालली. दुसरा म्हणाला, डायनामो गेला. ३,६०० रुपये देऊन दुरुस्त केलेला दुसरा बसवला. (त्याचे खरे नाव अल्टरनेटर, पण आपल्याकडे अजून डायनामोच म्हणतात.) बिघाड तसाच राहिला. तिसऱ्याने बॉनेट उघडले, आत पाहिले आणि सगळे वायरिंग बदलायचे १४,००० रुपये सांगितले. आधीचे ८,८०० रुपये बहिणीच्या भिशीतून गेले होते. आता कानातले मोडायची भाषा सुरू झाली, तेव्हा मला कळवले.

या मेकॅनिक मंडळींना मी लबाड म्हणणार नाही. त्यांच्याकडे गाडी दुपारी जायची. दुपारी दिवे बंद, वायपर बंद, काटा थोडासा अधिककडे. त्यांना दोष दिसायचाच नाही. आणि ज्याच्या दारात पाच गाड्या उभ्या आहेत त्याला तपासण्यापेक्षा बदलणे लवकर होते. पैसे मात्र गाडीवाल्याचे जातात.

आमच्या कल्याणच्या चाळीत एक काका राहतात. एस.टी. डेपोत त्यांनी तीस वर्षे इलेक्ट्रिशियनचे काम केले. दाजींना सांगितले, ‘‘रविवारी माल उतरवलात की गाडी इकडेच घेऊन या. ताईलाही आणा.’’

काकांनी बॉनेट उघडलेच नाही. ते चालकाच्या जागेवर बसले आणि विचारले, ‘‘दाजी, हा काटा दिवसा कुठं असतो आणि रात्री कुठं असतो?’’ दाजी ताईकडे पाहू लागले. ताई म्हणाली, ‘‘दिवसा मधल्या रेघेच्या जरा उजवीकडं. दिवे लावले की डावीकडं दहावर. वायपर लावला की अजून खाली.’’ काका हसले. ‘‘अर्धं काम तुम्हीच केलंत की!’’

इथे आधी तो काटा म्हणजे काय ते सांगतो. जुन्या गाड्यांत जो मीटर असतो तो अँपिअर मीटर. त्याच्या मधोमध शून्य, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे असते. बॅटरीत वीज जात आहे की बॅटरीतून निघत आहे, एवढेच तो दाखवतो. बॅटरीत शिल्लक किती आहे हे तो सांगत नाही. मला हे चटकन समजले, कारण आमचा धंदाच जमा-खर्चाचा. बॅटरी हे खाते; अल्टरनेटर त्यात जमा करतो; दिवे, वायपर, हॉर्न, सेल्फ खर्च करतात. काटा अधिककडे म्हणजे या घटकेला जमा जास्त, उणेकडे म्हणजे खर्च जास्त. खाते रिकामे होत आले तरी तो फक्त चालू घटकेचा व्यवहार दाखवणार.

आणि त्या व्यवहाराचा हिशेबही सरळ आहे. हेडलाइटचे साधे बल्ब ५५ ते ६० वॅटचे असतात. १२ व्होल्टवर असे दोन बल्ब मिळून साधारण दहा अँपिअर घेतात. बॅटरी ७० अँपिअर-तासांची आणि अर्धी भरलेली असेल तर तिच्यात ३५ उरले. काटा उणे दहावर असेल तर साडेतीन तासांत ती संपणार, आणि प्रत्यक्षात दिवे त्याच्या बऱ्याच आधी पिवळे पडणार. हे गणित मी कागदावर मांडले तेव्हा दाजी गप्प झाले. ओतूर ते कल्याण त्यांना पावसात चार तास लागत.

मग काकांनी तपासणी सुरू केली. ती मी जशी झाली तशी सांगतो, कारण कोणालाही ती आपल्या अंगणात करता येईल. मल्टीमीटर नावाचे यंत्र साधे घेतले तर दोन-तीनशे रुपयांत मिळते. त्यात बाण वीस व्होल्ट डी.सी.वर ठेवायचा, लाल काडी बॅटरीच्या अधिक टोकाला आणि काळी उणे टोकाला लावायची. काड्या अँपिअरच्या भोकात घातलेल्या नाहीत हे मात्र आधी पाहायचे. तशा त्या बॅटरीला लावल्या तर ठिणगी पडून मीटर जळतो.

पहिली गोष्ट, काटा जिवंत आहे का? इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावले. काटा उणे दहाच्या आसपास गेला. म्हणजे मीटर चांगला. तो जागचा हलला नसता तर मीटर जळलेला किंवा त्याची वायर दुसरीकडूनच फिरवलेली असती. दिवे लावल्यावर तो अधिककडे गेला असता तर मागच्या दोन वायरी उलट जोडलेल्या असत्या. जुन्या गाडीत कोणीतरी केव्हातरी डॅशबोर्ड उघडलेला असतो, तेव्हा ही चूक सापडते.

दुसरी गोष्ट, डोळे आणि हात. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. मध्यावर बोटाच्या जाडीएवढा दबला, म्हणजे ठीक. तो ढिला असेल किंवा आतून काचेसारखा चकचकीत झाला असेल तर ओझे पडल्यावर घसरतो आणि किंचाळतो. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा चुरा जमला होता. गरम पाण्यात खायचा सोडा घालून तो धुतला आणि पॉलिश पेपरने घासून टोके पुन्हा आवळली. काका म्हणाले, ‘‘निम्म्या गाड्या इथंच बऱ्या होतात.’’ आमची झाली नाही.

तिसरी गोष्ट, आकडे. ताईने शाळेच्या वहीत ते लिहून घेतले. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी काही तास शांत राहिल्यावर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन सुरू केल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. आमचा गेला १२.८ वर. मग काकांनी हेडलाइट, वायपर, पंखा सगळे लावायला सांगितले आणि अॅक्सिलेटर थोडा दाबून धरायला लावला. आकडा १२.१ वर आला. काटा उणे दहावर.

‘‘दिवसा मिळवते, रात्री खाते,’’ काका म्हणाले. ‘‘म्हणून दुपारी कोणालाच दिसली नाही.’’

आता इथे बहुतेक जण म्हणतील, अल्टरनेटर गेला. काकांनी काड्या उचलल्या आणि लाल काडी अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर व काळी त्याच्याच अंगावर टेकवली. आकडा आला १४.३. दिवे लावलेले, वायपर चालू, आणि तरी १४.३! दाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अल्टरनेटर चांगला होता. कदाचित आधीचाही चांगलाच होता. तिकडे १४.३ आणि बॅटरीवर १२.१, मग मधले २.२ व्होल्ट गेले कुठे?

आमच्या कार्यालयात तेरीज जुळली नाही तर कोणी नवी खतावणी विकत आणत नाही. फरक किती आहे ते काढतात आणि एकेक पान तपासत तो कुठे पडला ते शोधतात. काकांनी तेच केले. एक काडी अल्टरनेटरच्या बोल्टवर कायम ठेवली आणि दुसरी त्या वायरीच्या वाटेने पुढे पुढे नेली. असे दोन ठिकाणांमध्ये मोजले की मधल्या वाटेत किती व्होल्ट हरवतात ते कळते. चांगल्या वायरीत सगळे ओझे चालू असताना ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त हरवू नये. मधे अँपिअर मीटर आहे म्हणून अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्यायचे. तसेच अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे उणे टोक यांमध्येही मोजले. तिथे ०.१ आला, म्हणजे अर्थिंग ठीक. पुष्कळ गाड्यांत हीच बाजू कोणी पाहत नाही. इंजिनापासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली असते आणि नव्या बॅटऱ्या घातल्या जातात.

इंजिनाच्या खोलीतून केबिनमध्ये वायरी जातात तिथे मधल्या पत्र्यात एक प्लॅस्टिकचा कपलर होता. त्याच्या अलीकडे फरक ०.१. पलीकडे २.१. सापडला!

कपलर उघडायला गेलो तर उघडेना. आतले प्लॅस्टिक वितळून चिकटले होते. कापून काढला तेव्हा एक पिन हिरवी पडून काळी झालेली दिसली. पत्र्याच्या फटीतून पावसाचे पाणी वर्षानुवर्षे तिथे झिरपत होते. गंज आला की वाट अरुंद होते, अरुंद वाटेतून वीज गेली की ती जागा तापते, तापली की पिन सैल होते आणि वाट आणखी अरुंद होते. काका म्हणाले, समजा त्या पिनेतून आठ अँपिअर जात होते, २ व्होल्ट गुणिले आठ म्हणजे १६ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची लहान कैया २५ वॅटची असते आणि ती शिसे वितळवते. तशी एक कैया दाजींच्या पायांपासून हातभर अंतरावर, डिझेलच्या वासात, रोज रात्री चार तास तापत होती. बहिणीने हे ऐकले आणि वही मिटून ठेवली.

दुरुस्तीला दीड तास लागला. सगळ्यात आधी बॅटरीचे उणे टोक सोडले. ते न सोडता या जाड वायरीला पाना लावायचा नाही. पाना पत्र्याला टेकला तर लाल होतो. हातातली अंगठी, घड्याळही काढून ठेवायचे. मग कपलरमधून ती एक वायर बाहेर काढून सहा चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर अल्टरनेटरपासून थेट मीटरपर्यंत टाकली. दोन्ही टोकांना थिंबल दाबून, वर शिसे ओतून घट्ट बसवले. पत्र्याच्या भोकात रबरी बुश घातला, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. मधे एक मोठा फ्यूज घातला, कारण कंपनीचा असलेला कोणीतरी काढून टाकला होता. मीटरच्या मागचे दोन्ही नट तपासले, त्यातला एक बोटाने फिरत होता. साऱ्या सामानाचे २८० रुपये झाले. काकांनी मजुरी घेतली नाही. ताईने आणलेल्या दोन मेथीच्या जुड्या घेतल्या.

पुन्हा सगळे दिवे लावून मोजले. बॅटरीवर १४.०, हरवलेले ०.३. काटा उसळी मारून अधिक पंधरावर गेला. दाजी खूश. पण वीस मिनिटांनी तो हळूहळू खाली येऊन शून्याच्या जरासा उजवीकडे स्थिरावला, तेव्हा ते घाबरले. ‘‘काका, परत गेलं की काय?’’

ही गैरसमजूत पुष्कळांची असते, म्हणून सांगतो. काटा नेहमी उजवीकडे टेकलेला हवा असे नाही. सेल्फ मारल्यावर खात्यातून जे गेले ते भरून निघेपर्यंत तो अधिककडे असतो. भरले की शून्याजवळ येतो. तेच निरोगीपण. उलट तासन् तास अधिक वीस-तीसवर राहत असेल तर काळजी करावी. बॅटरीवर मोजून पाहावे. १५ व्होल्टच्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरीतले पाणी उकळून आटते, बल्ब भराभर उडतात, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. आणि व्होल्ट बरोबर असूनही काटा खाली येत नसेल तर बॅटरीचाच एखादा कप्पा मेलेला असू शकतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा कप्पे असतात. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येकाची घनता पाहावी. पाच कप्पे १.२६० च्या आसपास आणि एकच १.१५० असेल, तर ती बॅटरी खरोखरच बदलायची झाली.

काटा सारखा थरथरत असेल तर पट्टा, अल्टरनेटरचे झिजलेले ब्रश किंवा कुठलेतरी सैल जोड, यांपैकी काहीतरी. आमच्यासारखी, दिवसा बरी आणि रात्री वाईट, अशी गाडी असेल तर तपासणी दिवे लावूनच करून घ्यावी. मेकॅनिक ‘चार्जिंग ओके’ म्हणाला तर नम्रपणे विचारावे, ‘‘भाऊ, हेडलाइट लावून बघितलं का?’’

काही गाड्यांत अँपिअर मीटरऐवजी व्होल्टचा मीटर असतो. त्यात आठ ते सोळा किंवा दहा ते सोळा असे आकडे किंवा नुसती लाल-हिरवी पट्टी असते. तो वेगळ्या रीतीने वाचायचा. त्याचा काटा चालू गाडीत चौदाच्या आसपास हवा. तो बारा दाखवतो आहे, पण बॅटरीवर मल्टीमीटर चौदा दाखवतो, असे झाले तर गाडी बरी आहे, मीटरच्या अर्थिंगची किंवा चावीच्या स्विचमधून येणाऱ्या वायरीची खराबी आहे. दिवे किंवा इंडिकेटर लावले की काटा डुलतो, तेही अशाच सैल अर्थिंगमुळे. यात अल्टरनेटर बदलणे म्हणजे ताप थर्मामीटरला आहे की माणसाला हे न पाहता गोळ्या देणे.

मीटरच नसेल तर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा असतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो पेटलाच पाहिजे. पेटत नसेल तर ‘बरे झाले, काही बिघाड नाही’ असे समजू नका. पुष्कळ अल्टरनेटरांना कामाला लागण्यासाठी सुरुवातीचा विजेचा घोट याच बल्बातून मिळतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर झोपलेलाच राहतो, किंवा अॅक्सिलेटर जोरात दाबल्यावरच जागा होतो. छोट्या बल्बापायी मोठा खर्च केलेले लोक काकांनी पाहिले आहेत.

आणि एक धोक्याची गोष्ट. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक काढून बघायचे, गाडी किंवा दिवे चालू राहिले तर डायनामो चांगला, ही युक्ती अजून काही गॅरेजांत चालते. ती खऱ्या जुन्या डायनामोच्या जमान्यातली आहे. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. बॅटरी अचानक सुटली की व्होल्ट उसळी घेतात आणि चांगले डायोड, रेग्युलेटर जळू शकतात. तपासायला गेलात आणि बिघाड करून आलात, असे होते. कोणी तसे करायला गेला तर हात धरा. चार्जिंगवर असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो, म्हणून तिच्यावर वाकून बिडी-सिगारेट नको, आगकाडी लावून पाणी बघणे तर मुळीच नको. आतले पाणी म्हणजे सौम्य गंधकाम्ल आहे. डोळ्यात उडाले तर भरपूर साध्या पाण्याने धूत राहायचे आणि सरळ दवाखाना गाठायचा.

अँपिअर मीटर नव्या गाड्यांत का दिसत नाही, हेही मी काकांना विचारले. ते म्हणाले, त्या मीटरमधून गाडीची जवळजवळ सगळी वीज जाते. म्हणजे जाड, नेहमी जिवंत वायर डॅशबोर्डपर्यंत आणावी लागते. मागचा एक नट सैल झाला की तिथेच ठिणगी. पूर्वी अल्टरनेटर लहान होते तेव्हा निभत होते, पुढे साठ-सत्तर अँपिअरचे आणि त्याहून मोठे येऊ लागले तसे कंपन्यांनी व्होल्टचा मीटर नाहीतर नुसता दिवा बसवला. म्हणून जुना अँपिअर मीटर असलेल्यांनी वर्षातून एकदा, बॅटरीचे टोक सोडून, त्याच्या मागचे दोन नट आवळून घ्यावेत. पुढे दिवाळीला आम्ही दाजींना सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा, आकडे दाखवणारा छोटा व्होल्टमीटर भेट दिला. दोन्ही मीटर शेजारी शेजारी असले की एकाने व्यवहार कळतो, दुसऱ्याने शिल्लक.

मधल्या काळात वायरिंगसाठी १४,००० सांगणाऱ्या मेकॅनिककडे दाजी सहज गेले होते. त्यांनी त्याला कापलेला कपलर दाखवला. तो बराच वेळ फिरवून फिरवून पाहत राहिला आणि मग त्याने मल्टीमीटर कुठला घ्यावा ते विचारले. मला तो माणूस आवडला.

ताईची ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात राहिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती स्वतः मोजायची आणि चार आकडे लिहायची: सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॅटरीवर, सुरू केल्यावर, सगळे दिवे लावून, आणि अल्टरनेटरच्या बोल्टवर. २०१८ सालच्या मे महिन्यात दिवे लावल्यावरचा आकडा १४.० वरून १३.३ वर आलेला दिसला. अल्टरनेटरवरही तेवढाच. या वेळी खरोखरच ब्रश झिजले होते. गाडी रस्त्यात थांबायच्या आधीच, घरी उभी असताना, ते बदलून झाले.

२०१९ साली दाजींनी तो पिकअप नारायणगावच्या एका तरुणाला विकला आणि त्याहून नवा घेतला. व्यवहार झाल्यावर कागदपत्रांबरोबर ती वहीही त्याच्या हातात गेली. हे आकडे कसले, असे त्याने विचारले. ताईने त्याला गाडीजवळ नेले, बॉनेट उघडायला लावले, आणि आमचा चहा थंड होईपर्यंत दोघे काही आत आले नाहीत.